धार नसलेली पट्टी

श्रीधरराव गेल्याचं वॉचमनने सांगितलं, तेव्हा मी त्यालाच उलट म्हणालो, "अरे, काल संध्याकाळी त्यांनी मला चहा पाजला..." चहा पाजणारा माणूस जणू मरत नसतो.

विश्रांतवाडीच्या आमच्या सोसायटीत हे निवृत्त शिक्षक माझे शेजारी. मूलबाळ नाही. वहिनी गेल्यावर त्यांच्याकडे कुणी फिरकेना. एकटेपणाबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण त्यांचा रेडिओ दिवसभर चालू असायचा. गेल्या वर्षी आवारात सोनचाफ्यासाठी खड्डा खणताना त्यांना एक गंजकी लोखंडी पट्टी सापडली. हातभर लांब, किंचित वाकलेली, दोन्ही टोकांना मूठ बसवायची सोय. ती टेबलावर ठेवून ते भेटेल त्याला विचारू लागले, "या एकदा घरी. हे काय असेल, सांगा बघू."

पुण्यात "माहीत नाही" म्हणणं म्हणजे अब्रूच जाणं. देशपांडेबाई चांभाराचं हत्यार म्हणाल्या, सेक्रेटरींनी ते थेट पेशवाईत नेलं, मी सुताराच्या बाजूने ठाम. श्रीधरराव सगळं ऐकून घेत, चहाचा कप पुढे सरकवत आणि म्हणत, "असेल. पण मग धार का नाही?" झालं! माणूस डोकं खाजवत घरी जायचा आणि चार दिवसांनी नवा शोध घेऊन परत यायचा. मी तर बुधवार पेठेत जुनी पुस्तकं चाळून आलो. रेडिओ कधी बंद झाला, कळलंही नाही.

तेराव्यानंतर त्यांची धाकटी बहीण, कुसुमताई, काही दिवस तिथेच राहिल्या. गावी त्याही एकट्याच. टेबलावरची पट्टी मला दाखवून म्हणाल्या, "ही इथे कशी? आमच्याकडे अशीच होती. घायपाताची पानं खरवडून दोरासाठी वाख काढायचो. धार असली तर धागेच तुटतील ना. लहानपणी दादाचे हात सोलून निघायचे हिच्यापायी."

म्हणजे खड्ड्यातून काढली तेव्हाच त्यांना ठाऊक होतं. मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग रडू आवरेना...

"ताई, एवढं सोसायटीत कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगू?" कुसुमताई म्हणाल्या. "काल देशपांडेबाई या पट्टीचं विचारत आल्या होत्या. म्हटलं, मला बाईला काय कळतंय त्यातलं, तुम्हीच बघा. उद्या सुनेला घेऊन येतायत. तेवढं दूध जास्त आणून द्या."