खडीच्या रस्त्यावरची कंडक्टरी

बहात्तरच्या दुष्काळात राहुरीकडच्या आमच्या गावात पाण्याची अशी तऱ्हा झाली की कावळ्यांनीसुद्धा बिऱ्हाडं नगरला हलवली. वडील जनावरं घेऊन छावणीला गेलेले. घरात मी आणि आई. सरकारनं रस्त्याचं काम काढलं होतं आणि खडी फोडायला अख्खं गाव लोटलं होतं. मीही जाणारच होतो, तेवढ्यात एसटीत कंडक्टरची भरती निघाल्याची बातमी आली. मी मॅट्रिक पास. आई म्हणाली, "तू तयारी कर. तुज्या जागी मी जाते. नोकरी लागली की ठेवीन हातोडा."

म्हणजे मी पास होईपर्यंत आईनं खडी फोडायची. हे ऐकून मी जो हबकलो, तो दोन दिवस भाकरीचा तुकडा गिळायला विसरलो. तशी भाकरीही रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची होती, विसरण्यासारखीच.

पण तयारी करायची म्हणजे काय करायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या गावातून त्याआधी एकच माणूस नोकरीला लागला होता, पलटणीत, आणि तो तयारी म्हणून फक्त दूध प्याला होता. दूध तर गावातून हद्दपार झालेलं. शेवटी मामानं सूत्रं हाती घेतली. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, बैलगाडीतून कामावर पाण्याची पिंपं पोचवायचा आणि संध्याकाळी त्याच गाडीतून बायकांना गावात आणायचा. एसटीत तो आयुष्यात दोनदा बसला होता, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं.

"बसून हिशेब शाळंतला मास्तर बी करतो," मामा म्हणाला. "हालत्या गाडीत उभ्यानं करंल त्यो कंडक्टर. उद्यापासनं गाडीत चढायचं. हात कुटं धरायचा न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळच्या गाडीत उभा. गळ्यात आईनं शिवलेली पिशवी, हातात जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली तिकिटं आणि ती टोचायला मामाचा अडकित्ता. रस्ता असा की मामाचे बैलसुद्धा पाय टाकण्यापूर्वी विचार करायचे. आणि उतारू म्हणजे दिवसभर खडी फोडून आलेल्या बायका. त्यांच्या तोंडाला कोण लागणार?

"कंडक्टर, नगर द्या. चार फुल, तीन हाफ आन एक बोकड."

"बोकडाला तिकीट नसतं, काकू."

"मंग तुमच्या मामाला फुकाट बसवा."

एक म्हातारी रोज अर्धंच तिकीट मागायची. म्हणायची, "कमरंखालचा भाग सकाळीच मेला. वरच्याचं घ्या." आई मागच्या फळीला टेकून बसलेली असे. ती कधी तिकीट मागत नसे. हातांच्या फोडांवर फुंकर घालत बसायची, आणि ते पाहिलं की माझा हिशेब दुप्पट वेगानं व्हायचा.

महिनाभरात मी इतका तयार झालो की गाडी उलटली असती तरी हवेतल्या हवेत मी सुटे परत दिले असते. खड्ड्याला खड्डा ओळखीचा झाला. आकडे लहान दगडांवर मिळवायचे आणि मोठ्या खड्ड्यात चाक धाडकन आदळलं की हातचा घ्यायचा. एकदाही चुकलो नाही. मामा गावभर सांगत सुटला की साहेब लोक परीक्षा न घेताच डबल घंटी मारतील.

परीक्षा नगरला, एका दगडी इमारतीत. खोली थंड, फरशी सपाट, बाक भक्कम. समोर चष्मेवाले साहेब आणि शेजारी आणखी उमेदवार. साहेबांनी विचारलं, "अडीच रुपये भाडं, चार पूर्ण, तीन अर्धी. एकूण किती?"

मी डोक्यात पाहिलं. डोक्यात काहीच नव्हतं. रिकामं पिंप परवडलं, निदान वाजतं तरी. चार समोर दिसत होते, तीनही दिसत होते, पण ते एकमेकांकडे जाईनात. बेरीज कशीबशी दहाच्या पुढं गेली आणि तिथं थांबली, कारण खड्डा आला नव्हता. डोळ्यांपुढं फक्त आईचे हात.

नकळत मी उभा राहून डुलायला लागलो.

"पोटात दुखतंय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. बाक हलवावा लागेल."

मी गाडीची सगळी हकिकत सांगितली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि शिपायाला म्हणाले, "धरा रे ते टोक." मी बाकावर चढलो. एका बाजूनं शिपाई, दुसऱ्या बाजूनं माझाच एक प्रतिस्पर्धी. त्यांनी बाक असा गदगदा हलवला की भिंतीवरचा नकाशा खाली आला. आणि साहेबांचा प्रश्न संपायच्या आत माझं उत्तर बाहेर. पुढचा प्रश्न, उत्तर. त्याच्या पुढचा, उत्तर. मागून एक उमेदवार म्हणाला, "साहेब, आमचापण हलवा."

साहेब म्हणाले, "खुर्चीत बसवायला हा माणूस निरुपयोगी आहे. गाडीत घाला."

मी नगरहून परतलो तो कसा, मला आठवत नाही. पळत आलो असेन, कारण त्या दिवशीची एसटी माझ्यानंतर पोचल्याचं मामा अजून सांगतो. संध्याकाळची गाडी मी रस्त्यातच गाठली आणि चढलो.

"आई, लागली. उद्यापासून हातोडा ठेव."

बायकांनी एकच गलका केला. मामानं बैलांना उगाच दोन शिव्या दिल्या. आईनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला. तिचा तळवा आता खरखरीत दगडासारखा झाला होता.

"लई चांगलं झालं," ती म्हणाली. "पर मी काय हातोडा ठेवीत न्हाई."

"म्हंजे?"

"शनिवारी पगार माज्या हातात देत्यात. अंगठा माजा, पैसा माजा. तुज्या बापाकडं मिठाला बी हात पसरावा लागायचा. आता तुज्याकडं पसरू व्हय?"

"पण तूच म्हणाली होतीस..."

"तवा पगार कुटं बगितला हुता मी?"

मी मामाकडं पाहिलं. मामा बैलांकडं पाहत होता. म्हातारी म्हणाली, "कंडक्टर, त्वांड मिटा, धुरळा जाईल." आई शेजारणीकडं वळली आणि शनिवारच्या बाजारातून स्वतःसाठी काय आणायचं ते ठरवायला लागली. चाक खड्ड्यामागून खड्ड्यात आदळत होतं, आणि मला एक आकडा सुचेल तर शपथ.