ऱ्योनचे बुटके डोंगर

नागोयात माझ्या शेजारी एक जर्मन इंजिनिअर राहायचे, पन्नाशीचे, एकटे.

"आमचे जर्मनीतल्या ऱ्योनचे डोंगर बुटके. माथ्यावर झाडं नाहीत, नुसतं गवत, मेंढ्या आणि वारा. खिशात हात घालून चढता येतात," असं ते लिफ्टमध्येसुद्धा सांगत.

एका रविवारी त्यांनी मला शहराबाहेरच्या एका गवताळ टेकडीवर नेलं. माथ्यावर पोचताच त्यांनी आईला फोन लावला आणि जर्मनमध्ये हसत हसत बोलले.

"मी जपानमध्ये आहे हे ती विसरते," फोन ठेवून ते मला म्हणाले. "म्हणून घरामागच्या डोंगरावर आहे असं सांगितलं. तिला वाराही ऐकू आला."

"मग?"

"म्हणाली, अंधार पडायच्या आत ये, सूप गरम करते."

एवढं सांगून ते माझ्यासाठी न थांबता भराभर उतरू लागले.