चार ते आठचा वॉच

मामींचा फोन आला तेव्हा दुपारचे सव्वातीन झाले होते आणि मी पाया लेबार भागातल्या ऑफिसात टेबल आवरत होतो. "जावईबापू, आता घाई करू नका," मामी म्हणाल्या. "हे गेले..." मग त्यांनीच पुढे सांगितलं, "सकाळीच म्हणत होते, आज चारला वेळेवर आला तर लाल शाईनं लिहून ठेव." सहा वर्षांत मी चार ते आठचा वॉच एकदाही चारच्या ठोक्याला सुरू केला नव्हता. त्या दिवशी नेमका करणार होतो.

प्रभाकरमामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले आणि मामींबरोबर आमच्यासारखेच या परदेशी शहरात, क्वीन्सटाउन भागातल्या फ्लॅटमध्ये राहिले. जहाजावर चार-चार तासांच्या पाळ्या असतात, त्यांना वॉच म्हणतात. वॉच संपला की जे दिसलं ते लॉगबुकात शाईनं लिहायचं आणि लिहिलेलं खोडायचं नाही. ही सवय मामांनी जमिनीवर आल्यावरही सोडली नाही, आणि तिनंच घोळ केला.

निवृत्तीबरोबर कंपनीचा आरोग्यविमा संपला. मामांचं बायपास आधीच झालेलं. सरकारी योजना होती, पण आधीपासूनच्या गंभीर दुखण्याला तिच्यात जागा नव्हती. म्हणून मी मोठ्या उत्साहानं एका खासगी विम्याचा फॉर्म आणला आणि 'पूर्वीचे आजार' या रकान्यापाशी अक्कल पाजळली, "मामा, इथं थोडक्यात आटपा." मामांनी चष्मा पुसला आणि बायपासपासून सुरुवात केली. जिना चढताना कितव्या मजल्यावर दम लागतो, हेही लिहिलं. जागा पुरेना म्हणून वेगळा कागद जोडला. आठवड्याभरात नकार आला. मामी फणकारल्या, "एवढं खरं तर लग्नाआधी माझ्या वडिलांनाही सांगितलं नव्हतं!"

त्या रविवारी लिटिल इंडियातून भाजी घेऊन आम्ही कॉफीला बसलो, आणि मामांनी विषय काढलाच. "काय हो, लाइफबोटीत बसवण्याआधी कोणी ईसीजी मागतं का?"

माझ्या खिशात कंपनीच्या विम्याचं कार्ड होतं, त्यामुळे अंगात तर्कशास्त्र संचारलेलं. "मामा, कुणालाही, कधीही घ्यायचं ठरलं तर धडधाकट माणूस आधी येईल कशाला? दुखायला लागलं की धावत येईल. सगळे आजारीच भरले की बोट बुडणार."

"अगदी बरोबर बोललात," मामा म्हणाले. मी फुशारलो. "म्हणून तर धडधाकटांनाही पहिल्या दिवसापासून बसवायचं. नाहीतर वल्ही कोण मारणार? आणि एवढी मोठी बोट सरकारनंच बांधायला हवी. बांधतील, बघा तुम्ही."

सरकार बांधेल तोवर गप्प बसणं काही त्यांच्या स्वभावात नव्हतं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी ओळखीच्या मराठी घरांचा वॉच सुरू केला. कोणी आजारी पडलं की बाकीच्यांनी पाळ्या लावायच्या. कोणी इस्पितळात बसायचं, कोणी डबा न्यायचा, कोणी घरची मुलं सांभाळायची. काय दुखणं आहे, कधीपासूनचं आहे, हे कोणी विचारायचं नाही. अट एकच, नाव आत्ता द्यायचं, बरं असताना. बोटीवरचे, कॉम्प्युटरवाले, सगळ्यांनी दिलं. मी म्हटलं, "मामा, माझी कंपनी समर्थ आहे." मामा "बरं" म्हणाले. एवढ्यावर ते कधी थांबत नसत, पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

दोन महिन्यांत माझ्या पित्ताशयात खडे निघाले. कंपनीनं खरंच छान खोली दिली, खिडकीसकट. पण बायको बहिणीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेली, आणि घरी आठ वर्षांची सई. विम्यात ऑपरेशन बसत होतं, सईच्या वेण्या बसत नव्हत्या. कॉटवरून मामांना फोन लावला. "मामा, तो वॉच... अजून जागा आहे का?"

पलीकडे मामा इतके हसले, की त्यांनाच ठसका लागला. "जावईबापू, बोट बुडवणारे पहिले तुम्हीच की हो!"

तासाभरात एक वहिनी सईकडे पोचल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सई मला बघायला आली ती नीट घातलेल्या वेण्या हलवून दाखवत, इथल्या शाळकरी इंग्रजीत, "बाबा, आंटी डूज इट बेटर दॅन यू, लाह." बरा झालो आणि निमूटपणे चार ते आठच्या पाळीवर रुजू झालो. "वॉच म्हणजे विमा नव्हे," मामा नेहमी बजावायचे. "डब्यातल्या आमटीनं बायपास होत नाही. आपण नुसते तोवर वल्ही मारतोय."

शेवटच्या तीन आठवड्यांत त्यांच्याच कॉटपाशी वॉच लागला. सर्वसाधारण वॉर्ड होता, पण भेटीच्या वेळी खुर्ची कधी रिकामी राहिली नाही, आणि क्वीन्सटाउनला मामी एकट्या जेवल्या नाहीत. मी उशिरा पोचलो की मामा डोळे मिटूनच म्हणत, "लिहा, चार वाजून बारा मिनिटं."

तेराव्यानंतर मामींनी वॉचचं लॉगबुक माझ्या हातात दिलं. हिरव्या पुठ्ठ्याचं, जाडजूड. पहिल्या पानावर घरांची यादी होती आणि चौथं नाव माझं. पुढे वॉच, चार ते आठ. पानावरची तारीख पाहिली. मी नकार दिला होता, त्याच्याही आदल्या दिवसाची.

"तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मी म्हटलं यांना, खोडा ते नाव," मामी म्हणाल्या. "तर म्हणाले, शाईनं लिहिलंय."

लॉगबुक आता माझ्याकडे असतं, फोनशेजारी. चारला मामींकडे जायचा माझा वार चुकत नाही, वेळ चुकते. परवा पुण्याहून एक नवं जोडपं आलं. मी वॉचबद्दल सांगितलं, तर मुलगा ऐटीत म्हणाला, "काका, मला कंपनीचा विमा आहे. सध्या गरज नाही."

मी "बरं" म्हणालो, घरी आलो, आणि पेनात शाई भरली.