आवाज बंद, वर्ग चालू

माझा आवाज मोठा. म्हणजे कोल्हापूरच्या मानानंसुद्धा मोठा. शाळेच्या फाटकात उभी राहून मी हाक मारली की मैदानाच्या पार टोकाचं पोरगं हातातला चेंडू टाकून पळत यायचं. आमची शाळा कसबा बावड्याच्या रस्त्याला अगदी लागून. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की दिवसभर उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि वर छातीत धडधडणारी गाणी. खिडकी लावावी तर गुदमरायला होतं, उघडी ठेवावी तर ट्रॅक्टरवाल्याची आवडनिवड ऐकायची. सातवीला मराठी शिकवायचं तर त्या गाण्यांच्या वर बोलावं लागतं, आणि मी वर्षानुवर्षं बोलत आले. त्याचा मला अभिमानच होता, खोटं कशाला सांगू?

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी हजेरी घ्यायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. नुसती हवा. पोरांना वाटलं बाई गंमत करताहेत. मलाही आधी तसंच वाटलं.

डॉक्टरांनी नळी घालून घसा तपासला. स्वरयंत्रावर गाठी आल्यात, एका बाजूला रक्त साकळलंय, म्हणाले. बोलणं बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं उलट जास्त ताण पडतो. खडूच्या धुळीत उभं राहायचं नाही. "आणि एकदा जरी ओरडलात ना बाई, तर थेट ऑपरेशन. मग आवाज परत येईल याची हमी मी देणार नाही."

नवरा शेजारी उभा होता. "म्हणजे घरातपण बोलायचं नाही का?" त्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, कुठंच नाही. त्या वेळी त्याच्या तोंडावर घटकाभर जे समाधान पसरलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मुडदा बशिवला त्या समाधानाचा!

खरी भीती मात्र शाळेची होती. मुख्याध्यापक माणूस सज्जन, मुरगूडकडचे, कुणाला दुखवायचं म्हटलं की आधी स्वतःच कासावीस होणारे. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही विश्रांती घ्या. सातवी मी दुसऱ्या बाईंकडं देतो. तुम्ही ग्रंथालयाची कपाटं बघा जरा." मला रडूच आलं. वर्ग एकदा हातातून गेला की वर्षाच्या मधे परत मिळत नाही, हे मला पक्कं ठाऊक. आणि आवाज परत आलाच नाही तर? मग आयुष्यभर कपाटंच बघत बसायचं? मी टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं: प्रोजेक्टर द्या.

हा प्रोजेक्टर माजी विद्यार्थ्यांनी शाळेला भेट दिलेला. साहेब लोक तपासणीला आले की बाहेर निघायचा, ते गेले की परत खोक्यात, खोकं कपाटात, किल्ली सरांच्या खिशात. सर कागदाकडं बघतच राहिले. "तो? अहो, महागाचा हाय तो! पोरं हात लावतील." मी लिहिलं: तोंडानं शिकवायचं नाही, तर भिंतीवर लिहून शिकवते. सरांनी डोकं खाजवलं. शेवटी म्हणाले, "शनिवारी मी पाठ बघायला येतो. जमलं तर जमलं. न्हाई तर मग वर्ग बदलायचा, वाईट वाटून घ्यायचं न्हाई."

रविवारी शाळा उघडून घेतली. नवऱ्याला सुट्टी होती, त्यालाही ओढत नेलं. तो कागलच्या एमआयडीसीत लेथवर काम करतो, त्यामुळं जगातलं कुठलंही मशीन आपल्याला कळतं असं त्याला वाटतं. भिंतीचा खालचा भाग हिरव्या ऑइलपेंटचा, त्यावर पाढे रंगवलेले. म्हणून लग्नात आलेलं, कधी न वापरलेलं पांढरं बेडशीट इस्त्री करून भिंतीवर ताणून लावलं. खिडक्यांना खोक्यांचे पुठ्ठे लावले. प्रोजेक्टर टेबलावर ठेवला, लॅपटॉपची वायर जोडली, बटण दाबलं. निळाभोर उजेड पडला आणि त्यात लिहून आलं, सिग्नल नाही.

"सिग्नल न्हाई म्हणतोय," नवरा म्हणाला. "गच्चीवर नेऊया का?"

मला काय काय म्हणायचं होतं म्हणून सांगू! पण बोलता येतंय कुठं? दात-ओठ खाल्ले आणि वायर काढून शेजारच्या खाचेत घातली. चित्र आलं, ते उलटं. डोकी खाली, पाय वर. मागच्या वेळी कुणीतरी तो छताला टांगायचा म्हणून तशी सेटिंग करून ठेवली होती. मी मेनूत शोधत होते, तेवढ्यात आमच्या लेथवाल्यानं अख्खा प्रोजेक्टर उचलून पालथा ठेवला. चित्र सरळ! वर माझ्याकडं असा बघतोय, की आता आरती ओवाळायची राहिली. हवा जायच्या जाळ्या टेबलाला चिकटलेल्या, आतला पंखा गुरगुरायला लागला. मी त्याच्या हातावर चापट मारली, मशीन सरळ केलं आणि ते मेनूतलं बटण सापडेपर्यंत त्याला दाराबाहेर उभं केलं. चौकोन एका बाजूला फताडा येत होता, तर पुढच्या पायांखाली जुनी भूगोलाची पुस्तकं सरकवली. मग भिंगाभोवतीची कडी हळूहळू फिरवली. पुसट ढग होते, त्यांची अक्षरं झाली. दाराबाहेरून नवरा म्हणाला, "झकास दिसालंय की गं!" तेव्हा कुठं मी त्याला आत घेतलं.

सोमवारी वर्ग भरायच्या आधी शाळेतल्या मावशी ताटलीत नारळ, हळदकुंकू आणि झेंडूची दोन फुलं घेऊन आल्या. नवीन यंत्र पूजा केल्याशिवाय चालू करायचं? आमच्याकडं साधी सायकल घेतली तरी तिच्या पुढच्या चाकाखाली लिंबू जातो. मला त्यात काही गैर वाटलं नाही. मी वर्गाच्या दुसऱ्या टोकाला वायर नीट करत होते. मान वर केली तर मावशींचं कुंकवाचं बोट सरळ भिंगाकडं निघालेलं!

"अहो थांबा!" हा शब्द माझ्या घशापर्यंत आला होता. अगदी जिभेच्या मुळाशी. तोंडही उघडलं होतं मी. कसं गिळलं ते माझं मला माहीत. त्याऐवजी बाकावर डस्टर दणादण आपटलं. मावशींना वाटलं, बाईंना घाई झालीय. "व्हय व्हय, लावते की!" म्हणाल्या, आणि आधी हळद, मग कुंकू, असं अंगठ्यानं चोळून बरोबर भिंगावर लावलं.

चालू केलं तर सगळी भिंत तांबूस धुरकट, अक्षर म्हणून लागेना. पोरांनी टाळ्या पिटल्या. मी चष्म्याच्या फडक्यानं आणि ओल्या कापसानं पुसत बसले, तर मावशी उलट मलाच म्हणतात, "म्हैस असू दे न्हाई तर मोटार असू दे, कपाळावर लावायचं हे मला कळत न्हाई व्हय? पर ह्याला कपाळच कुठं हाय, दावा की!" खरं सांगते, मीही शोधलं. नव्हतंच.

भिंत साफ झाली. मी पहिली ओळ टाइप केली: वह्या काढा.

आता आमच्या शाळेची एक सवय. फळ्यावर जे लिहिलं जाईल ते सगळ्या वर्गानं एका सुरात मोठ्यानं वाचायचं. पहिलीपासूनची शिस्त. सगळा वर्ग गरजला, "वह्या काढा!" आणि कुणीच वही काढली नाही, कारण वाचायचं काम तर झालं होतं. मी लिहिलं, हळू वाचा. "हळू वाचा!" पत्रे हादरले. मी लिहिलं, ओरडू नका. "ओरडू नका!" मी लिहिलं, गप्प बसा म्हणते ना. "गप्प बसा म्हणते ना!" शेवटी माझं डोकं फिरलं आणि हाताला येईल ते टाइप केलं: एकेकाच्या कानाखाली आवाज काढीन.

"एकेकाच्या कानाखाली आवाज काढीन!" सातवीनं जीव खाऊन म्हटलं, आणि दारात मुख्याध्यापक उभे.

त्यांनी पोरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं. मी तोंडावर हात दाबून, आवाज न करता, पोट दुखेपर्यंत हसत होते. काय करणार? सर "शनिवारी येतो," एवढंच म्हणाले. त्यांच्या त्या शांतपणानं माझं हसू पार आटलं.

त्या संध्याकाळी तोड सुचली. काळी अक्षरं असतील ती मोठ्यानं वाचायची, लाल असतील ती मनात. दुसऱ्या दिवशी नियम भिंतीवर लावला, लाल अक्षरांत. वर्ग वाचायला लागला, थबकला, एकमेकांकडं बघितलं आणि ओठ मिटले. अगं बाई! माझ्या सगळ्या नोकरीत तसली शांतता मी ऐकली नव्हती.

मग आठवडाभर तसंच चाललं. माझं टाइप करणं म्हणजे बैलगाडी. एकेक शब्द उमटायचा आणि पोरं पुढचा कुठला येतोय म्हणून बाकावरून पुढं वाकायची. धडा काळ्यात, प्रश्न काळ्यात, दटावणी लाल. दंगा करणारं पोरगं स्वतःबद्दलची लाल ओळ मनात वाचून आपोआप लाजायचं. घरी मी मात्र रोज रात्री उशीत तोंड खुपसून पडायचे. शनिवारी सर आले आणि मशीन बंद पडलं तर काय, एवढंच डोक्यात.

आणि तसंच झालं की! शनिवारी सर शेवटच्या बाकावर येऊन बसले. निम्मा धडा झाला आणि लाईट गेली. पुठ्ठे लावलेल्या खोलीत मिट्ट अंधार. उभी राहिले तशीच, मुकी. मनात म्हटलं, संपलं, बाई, आता कपाटं.

लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू होता. काही न सुचून मी तो पोरांकडं वळवून टेबलाच्या कडेला ठेवला. पुढची पोरं उठून फरशीवर टेबलाशी येऊन बसली, मागची त्यांच्या मागं गुडघ्यांवर, त्यांच्या मागची उभी. मी बाजूनं हात घालून टाइप करत होते. पुढचे वाचत होते, मागं ऐकू जात होतं. थोड्या वेळानं त्या गर्दीत सरांचंही डोकं दिसलं. चष्मा वर करून पडद्यात बघत होते. मी लाल अक्षरांत लिहिलं, ढकलू नका.

"ढकलू नका," सरांनी मोठ्यानं वाचलं.

"सर, लाल मनात वाचायचं असतंय," पुढचं एक पोरगं म्हणालं. सर ओशाळले. "व्हय व्हय, चुकलं." आणि पुढची लाल ओळ त्यांनी खरंच ओठ मिटून वाचली.

तास संपल्यावर जाता जाता म्हणाले, "वर्ग तुमचाच राहू दे, बाई." एवढंच. मी तिथंच बाकावर बसले. मावशींनी पाणी आणलं. इतकं हलकं वाटलं, की तिथंच आडवी होऊन झोपावं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी परत नळी घातली आणि मान हलवली. गाठी जिरल्या होत्या. "आ म्हणा." मी आ म्हटलं. बारीक, खरखरीत, कुणातरी दुसऱ्या बाईचा वाटावा असा, पण आवाज! डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "बोला आता थोडं थोडं," डॉक्टर म्हणाले. "पण ओरडणं विसरायचं. आता कधीच नाही." मी हो म्हटलं, तेसुद्धा आवाजानं म्हटलं. बाहेर आल्यावर मात्र धस्स झालं. कधीच नाही? आमच्या त्या रस्त्यावर? बारीक आवाजाला कोल्हापुरात विचारतंय कोण!

दुसऱ्या दिवशी मी वर्गात प्रोजेक्टर लावला नाही. खिडक्यांचे पुठ्ठे काढले. पोरं कोऱ्या बेडशीटकडं बघत बसली होती. मी पुढं उभी राहिले आणि बोलायला सुरुवात केली, "मुलांनो, आज आपण..." तेवढ्यात खिडकीखालून उसाचा ट्रॅक्टर, गाणी फुल्ल. माझा आवाज मलाच ऐकू येईना. पोरं ओठांकडं बघत होती. छाती भरून श्वास घेतला, मान ताठ झाली, नेहमीसारखं वर चढवायला घशानं आपोआप जोर केला.

शेवटच्या बाकावरची मुलगी उठून उभी राहिली. अंगकाठी एवढीशी, वर्षभरात आपणहून एक शब्द न बोललेली. ती ट्रॅक्टरच्या वर चढून, पार बेंबीच्या देठापासून ओरडली, "हळूच बोला बाई! ऐकू यालंय आमाला!"

तिला काही ऐकू येत असणं शक्यच नव्हतं. सगळा वर्ग माना डोलवत होता. मी सोडला तो श्वास, आणि हळूच बोलायला लागले.