बोंबलांची राखण

मेडिकलच्या तोंडी परीक्षेत वाचा बसली आणि मी नापास झालो. पन्नास सालच्या आसपासची गोष्ट. पुन्हा बसायचं म्हणून थळच्या किनाऱ्यावर हाडांची नावं मोठ्याने घोकत फिरायचो. तिथे एक कोळीण जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने बोंबील दोरीवर वाळत घालायची. तिने माझं नाव विचारलं नाही, मीही तिचं. मी अडखळून थांबलो की ती मान वर न करता ओरडायची, “गप नको ऱ्हाऊ रं पोरा, कावले येतान!” मग सुचेल ते बोलत मी पुढे रेटायचो.

परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला मी अडखळलो. समोर काळ्या कोटातले दोन परीक्षक माना तिरक्या करून बघत होते. मला दोरीवरचे बोंबील आठवले, आणि मी बोलत सुटलो.