नर पपईची फळं

आज सकाळी कपडे वाळत घालताना मान वर गेली आणि टॉवेल हातातच राहिला. आमच्या परसातल्या नर पपईला फळं लागली होती! लांब देठांना लोंबणारी, मुठीएवढी, चांगली चार.

मोरीच्या पाण्यावर आपसूक वाढलेलं हे झाड. नुसत्या फुलांचे घोस लोंबायला लागले, तेव्हा शेजारच्या सुमनवहिनी कुंपणापलीकडून म्हणाल्या होत्या, "नर आहे हो. तोडून टाका, उगाच जागा अडवतोय." आमच्या ह्यांनी लगेच कोयता काढला. मी तो काढून घेतला आणि तांदळाच्या डब्यामागे लपवला. म्हटलं, "फुलांवर इवलेसे शिंजीर पक्षी येतात, तेवढं मला पुरे." खरं तर पुरे नव्हतं. दोन वर्षं रोज चोरून वर बघत होते मी.

एकदा 'ह्याच्याकडून काही व्हायचं नाही' असं ठरवलं, की आपण बघणंच सोडून देतो. झाडांचं काय आणि माणसांचं काय. ज्याला नावं ठेवली, तो मात्र गुपचूप वाढतच असतो.

मी वहिनींना हाक मारली. त्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरून वर बघितलं. मग म्हणाल्या, "गोड नसणार."

"बघू की!" मी म्हटलं.

घरात येऊन डब्यामागचा कोयता काढला आणि घासूनपुसून लख्ख केला. पपई पिकली की त्यानंच चिरणार आहे. पहिली फोड वहिनींची.