दसऱ्याच्या जेवणातली एक कागदी प्लेट

फ्रेंड्स, आज सकाळपासून मी इतकी एक्साइटेड होते! माझी कॉलेजची मैत्रीण प्रणाली पहिल्यांदाच आमच्याकडे दसऱ्याला जेवायला येणार होती.

सटाण्याहून माझी आत्याही आलेली. प्रणालीने आल्या आल्या तिच्या हातात सोनं ठेवलं, वाकून नमस्कार केला. आत्या एकदम खूश! "गुणाची पोर आहे हो! आडनाव काय गं तुझं?"

प्रणालीने सांगितलं.

जेवायला बसलो, तशी आत्याने प्रणालीसमोरचं स्टीलचं ताट उचललं आणि कागदी प्लेट ठेवली. "पाहुण्यांना आपली नवीन प्लेट बरी."

पाहुणी तर आत्यापण होती ना! तिचं ताट मात्र स्टीलचंच.

मी किचनमध्ये जाऊन म्हटलं, "मम्मी, तू तरी बोल ना काहीतरी." मम्मी हळूच म्हणाली, "सणाच्या दिवशी तमाशा नको."

प्रणालीने सगळं ऐकलं असणार. हसून मम्मीला म्हणाली, "काकू, बरं झालं, एक ताट कमी घासायचं." आणि पुरणपोळी पूर्ण संपवली.

जाताना गेटपाशी म्हणाली, "रविवारी आमच्याकडे जेवायला ये. काकूंनाही आण. ताट स्टीलचंच मिळेल."

मम्मीला सांगितलं, तर म्हणते, "तू जा. पण आत्याला कळू देऊ नको."

खरं सांगा, तुमच्या घरी पाहुण्याला आधी पाणी विचारतात की आडनाव?